टाळू शिवली, आता गोष्ट सांगा

दुभंगलेल्या ओठांवर शस्त्रक्रिया होते अशा बहुतेक रुग्णालयांत एक भिंत फोटोंना दिलेली असते. डावीकडे ऑपरेशनच्या आधीचं बाळ, उजवीकडे नंतरचं. उजवीकडचं बाळ हसत असतं आणि ते पाहून आपल्यालाही बरं वाटतं. मेगन मायलन यांच्या ‘स्माइल पिंकी’ या लघुमाहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळालं, तेव्हा हा आनंद जगभर पोचला. मिर्झापूर जिल्ह्यातल्या खेड्यातली पिंकी सोनकर आणि तिच्यावर मोफत शस्त्रक्रिया करणारे वाराणसीचे डॉ. सुबोधकुमार सिंह यांची ती गोष्ट. असा ओठ नीट करता येतो आणि त्यासाठी पदरचे पैसे मोडावे लागत नाहीत, हे त्या फिल्ममुळे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

मात्र ते मूल बोलतं कसं, किती बोलतं आणि घरात त्याच्याशी कोण किती बोलतं, हे फोटोवरून कळत नाही. ज्यांचा फक्त ओठ दुभंगलेला असतो त्यांच्या बोलण्याला सहसा फारसा धक्का लागत नाही. ज्यांची टाळू दुभंगलेली असते, त्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं खरं काम मात्र टाके सुकल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहतं. जगात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतं. भारतात अशी बाळं दरवर्षी ३५ हजारांच्या आसपास जन्मतात असा अंदाज आहे. या मुलांच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे आता बरंच बोललं जातं. त्यांच्या भाषेबद्दल फार कमी. म्हणून हा लेख भाषेबद्दल आहे. मुलाला जवळ घेऊन रोज थोडा वेळ चित्रांचं पुस्तक बघायचं आणि त्यावर गप्पा मारायच्या, असा एक अगदी घरगुती उपाय आहे. त्याला मिळायला हवं तेवढं महत्त्व आपण दिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी टाळूचं काम समजून घेऊ. तोंडाच्या छताचा पुढचा भाग हाडाचा असतो आणि मागचा, पडजिभेपर्यंतचा, मऊ. आपण बोलताना हा मऊ भाग उचलला जातो आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करतो. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, त्यांच्यामागे हवा कोंडली जाते आणि ओठ उघडताच ती बाहेर पडते. क, ग, च, ज, ट, ड, त, द, ब, स, श या सगळ्यांना असा तोंडातला दाब लागतो. टाळूला फट असेल तर हवा नाकातून निसटते आणि दाब तयारच होत नाही. उरतं काय? स्वर, म, न, आणि य, ल, व, ह यांसारखे हलके ध्वनी.

आता मराठी घरातलं दीड वर्षाचं मूल डोळ्यांसमोर आणा. त्याला ‘आई’ म्हणता येतं, कारण त्यात व्यंजनच नाही. ‘मामा’ येतं, ‘नाना’ येतं. ‘बाबा’ म्हणायला जावं तर तेही ‘मामा’ होतं, ‘दादा’चं ‘नाना’ होतं. ‘पाणी’चं ‘माणी’. ‘काका’ तर घशातच अडकतं. माऊ आणि हम्मा लवकर भेटतात. चिऊ आणि काऊ दूर राहतात, आणि पोपट तर पार आवाक्याबाहेरचा, कारण त्याची तिन्ही व्यंजनं दाबाची. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांमध्ये हेच १९८९ साली एस्ट्रेम आणि ब्रोएन या संशोधकांनी नोंदवलं होतं: टाळू दुभंगलेली मुलं आपल्या सुरुवातीच्या शब्दांत नाकातल्या ध्वनींनी आणि स्वरांनी सुरू होणारे शब्द जास्त वापरतात. म्हणजे मूल आपल्याला जमतील तेवढेच शब्द उचलतं. बाकीचे त्याला कळत असतात, पण ते तोंडातून बाहेर येत नाहीत. शब्दसाठा हळू वाढतो तो असा. मुलाच्या बुद्धीबद्दल त्यावरून काही ठरवू नये.

त्यात कानाची भर. घसा आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते. ती उघडणारा स्नायू टाळूतच असतो, आणि टाळू दुभंगलेली असली की त्याचं काम बिघडतं. मग कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. टाळू दुभंगलेल्या बहुतेक सगळ्याच मुलांना कधी ना कधी हा त्रास होतो. मूल बहिरं नसतं, पण सर्दी झाली की त्याला कमी ऐकू येतं, बरी झाली की जास्त. भाषा शिकण्याच्या ऐन वयात अर्धे शब्द पुसट पोचतात. कानाचे डॉक्टर गरजेप्रमाणे पडद्यात बारीकशी नळी बसवतात. घरच्यांना मात्र वाटत राहतं, ‘हाक मारली तर बघतो कधी कधी, म्हणजे ऐकू येतं की.’

आणि या सगळ्याच्या आधी दुधाचा प्रश्न असतो. अशा बाळाला ओढून दूध पिता येत नाही, कारण ओढायला लागणारी पोकळी तोंडात तयारच होत नाही. मग बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं, बाळाला उभं धरून, थेंब थेंब पाजायचं. अर्धं नाकातून बाहेर येतं. एक पाजणं संपेपर्यंत दुसऱ्याची वेळ होते. ज्या वेळात इतर घरांत बाळाशी लाडेलाडे बोलणं चालतं, त्या वेळात ही आई बाळाच्या घशात दूध अडकू नये म्हणून श्वास रोखून बसलेली असते. त्यात घरात कुणीतरी विचारतं, ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?’ ओठ घडतो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. त्यातल्या सुरुवातीच्या आठवड्यांत तर दिवस गेल्याचं बाईला अनेकदा ठाऊकही नसतं. कारणं अनुवंशात, काही औषधांत, पोषणात, आणि बरेचदा या सगळ्यांच्या गुंत्यात असतात. विळीचा आणि सूर्यचंद्राचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरीही कितीतरी आया हा दोष मनात घेऊन जगतात, आणि मनात दोष घेऊन बसलेलं माणूस बाळाशी मोकळेपणानं बोलत नाही.

याचा भाषेवर आणि बुद्धीवर काय परिणाम होतो, याचा एक महत्त्वाचा अभ्यास इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञ लिन मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. ओठ दुभंगलेली बाळं आणि त्यांच्या आया यांच्यातला दोन महिन्यांच्या वयाचा संवाद त्यांनी बारकाईनं पाहिला. काही बाळांचे ओठ जन्मानंतर लगेच शिवले होते, काहींचे तीन-चार महिन्यांनी. उशिरा शिवलेल्या गटात आई-बाळाची नजरानजर आणि हुंकारांची देवाणघेवाण अडखळत होती. दीड वर्षाच्या वयात त्याच गटातली मुलं बौद्धिक विकासाच्या चाचणीत मागे होती, आणि या फरकाचा धागा सुरुवातीच्या अडखळत्या संवादापर्यंत जात होता. ओठ कधी शिवावा हा सर्जनचा निर्णय. त्यात वजन, रक्त, भूल सगळं पाहावं लागतं. मला या अभ्यासातून दिसतं ते वेगळंच. बाळ आणि माणूस यांच्यामध्ये जे घडतं त्यालाही उपचाराची गरज असते, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागत नाही.

याच लिन मरे पुढे पीटर कूपर यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत गेल्या. तिथे दुभंगलेल्या टाळूचा विषय नव्हता. विषय होता पुस्तकाचा. १४ ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांना सांभाळणारी माणसं अशा ९१ जोड्या या प्रयोगात होत्या. वस्तीतल्याच कार्यकर्त्यांनी त्यातल्या एका गटाला आठवड्यातून एकदा बाळाबरोबर चित्रांचं पुस्तक कसं बघायचं ते शिकवलं. पुस्तक वाचून संपवायचं नाही. बाळ कुठे बघतंय ते आपण बघायचं, त्याचं नाव सांगायचं, प्रश्न विचारायचा, थांबायचं. २०१५ साली निष्कर्ष आले: शिकलेल्या गटातल्या बाळांची भाषा आणि लक्ष टिकवण्याची ताकद, दोन्ही स्पष्टपणे वाढली होती. ज्या घरांत आधी मुलांचं पुस्तक जवळपास नव्हतंच, त्या घरांतली ही गोष्ट आहे.

या पद्धतीचं मूळ अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं, की तुम्ही वाचणारे आणि मूल ऐकणारं हे बंद करा. मुलाला सांगणारं करा आणि तुम्ही ऐकणारे व्हा. एका महिन्यात फरक दिसला. ज्यांनी नेहमीसारखं वाचून दाखवलं होतं, त्यांच्या मुलांपेक्षा ही मुलं बोलण्याच्या चाचणीत कितीतरी पुढे गेली.

ही पद्धत उशिरा बोलणाऱ्या कुठल्याही मुलाला उपयोगी आहेच. टाळू दुभंगलेल्या मुलाला ती आणखी एका कारणानं उपयोगी आहे, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच कारण. या मुलाची मोठी अडचण अशी, की त्याचं बोलणं लोकांना कळत नाही. ते ‘नून’ म्हणतं. ते दूध असेल, ऊन असेल, नाही तर दूर उभा असलेला दादा. आई अंदाज करते, चुकते, पुन्हा विचारते. तिसऱ्या वेळेला मूल नाद सोडतं. दिवसातून शंभरदा असं झालं की ते शहाणपणानं एक धडा शिकतं: बोलण्यापेक्षा बोट दाखवलेलं बरं. घरात कुणीतरी दुभाष्या होतं, बहुधा मोठी बहीण. ‘तो पाणी मागतोय,’ ती सांगते आणि पाणी मिळतं. सगळ्यांची सोय होते आणि मुलाला बोलायचं कारण उरत नाही. पण पुस्तकाच्या पानावर ते आणि आपण एकच चित्र बघत असतो. तिथे ‘नून’ म्हणजे काय, हे चित्रच सांगतं. अंदाज लागतो, लगेच लागतो, आणि मुलाला दिवसातून निदान पंधरा मिनिटं अशी मिळतात जिथे त्याचं म्हणणं समोरच्याला पहिल्या फटक्यात कळतं. बोलावंसं वाटण्यासाठी यापेक्षा मोठं निमित्त मला ठाऊक नाही.

हे प्रत्यक्ष कसं घडतं ते एका जिल्ह्याच्या ठिकाणी, वाचा-उपचाराच्या खोलीत बसून पाहिलं. अडीच वर्षांचा मुलगा, त्याची आई आणि आजी सकाळच्या एसटीनं आली होती. टाळूचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. आजीची तक्रार सरळ होती.

‘डॉक्टर म्हनले टाळू चांगली झाली. मग बोलत का न्हाई? आमाला कळतंय थोडं थोडं, भायेरच्याला काय बी कळत न्हाई.’

उपचार करणाऱ्या ताईंनी मुलाला समोर, जमिनीवर बसवलं. त्या स्वतःही खाली बसल्या आणि पुस्तक आपल्या हनुवटीखाली धरलं, म्हणजे मुलाला चित्राबरोबर त्यांचं तोंडही दिसेल. चित्रात स्वयंपाकघर होतं. ओट्यावर मांजर, आडवं पडलेलं पातेलं आणि खाली पसरलेलं दूध. ताई काहीच बोलल्या नाहीत. मुलानं मांजरावर बोट ठेवलं. ‘माऊ.’

‘म्हन, मांजर. नीट म्हन,’ आजी मागून म्हणाली. मुलानं तोंड मिटून घेतलं.

‘आजी, जरा थांबू या का आपण?’ ताई हळूच म्हणाल्या, आणि मुलाकडे बघून, ‘हो, माऊ! माऊ वर चढली.’ मग पुन्हा गप्प. खोलीत ती शांतता सहन होईना इतकी लांबली. आईनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग मुलाचं बोट खाली सरकलं. ‘नून.’

‘दूध! दूध सांडलं. सगळं दूध सांडलं.’

मुलानं चित्रावरची नजर काढून ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे. ‘माऊ नून,’ तो म्हणाला.

दोन शब्द जोडून तो बोलला होता. ‘ध’ अजून ‘न’च होता, आणि ताईंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘हो रे, माऊनं दूध सांडलं! आता आई काय म्हणेल?’ यावर आजीलाच राहवलं नाही. ‘आमच्याकडं बी परवा असंच झालं की,’ म्हणत तिनं शेजारच्या मांजराची आणि सायीच्या पातेल्याची हकिगत सुरू केली. मुलगा तिच्याकडे टक लावून ऐकत होता. ताईंनी तिला मुळीच थांबवलं नाही. नंतर म्हणाल्या, ‘आजी, हेच घरी करायचं. तुम्हाला छान येतंय.’

‘मला वाचाया कुठं येतंय?’

‘यात वाचायचं काय आहे? चित्रं आहेत. तुम्ही सांगा, त्याला सांगू द्या.’

मग आईची पाळी. तिनं पान उलटलं आणि एका दमात विचारलं, ‘हे काय? आणि हे? हा कोण? सांग ना, हे काय?’ ताईंनी पानावर हात ठेवला. ‘एकच विचारा. मग मनात पाचपर्यंत मोजा. उत्तर बोटानं दिलं तरी ते उत्तरच.’ घरी पुस्तक नाही म्हटल्यावर त्यांनी लग्नाचा अल्बम आहे का, कालनिर्णय आहे का, मोबाइलमध्ये गाईम्हशींचे फोटो आहेत का, असं विचारलं. अल्बम होता. त्यात मामा होता, आणि मामा तर या मुलाला उत्तम म्हणता येतो.

ताईंनी ‘ध’ का दुरुस्त केला नाही, हे समजून घेणं फार आवश्यक आहे, कारण घराघरांत नेमकं उलट चालतं. ज्या मुलाच्या टाळूला अजून फट आहे, किंवा शिवलेली टाळू अजून नीट उचलली जात नाही, त्याला ‘नीट म्हण, प म्हण’ असा आग्रह केला की ते काहीतरी करून दाखवायला बघतं. तोंडात दाब धरता येत नाही, मग ते हवा घशातच अडवतं आणि तिथून एक झटका देतं. बोलल्यासारखा आवाज येतो, पण ‘प’ही तोच, ‘ट’ही तोच, ‘क’ही तोच. ही सवय एकदा लागली की ऑपरेशन कितीही छान झालं तरी ती आपोआप जात नाही. तज्ज्ञाबरोबर महिनोन्‌महिने बसून ती सोडवावी लागते. वाद्य दुरुस्त झालं तरी चुकीचा हात बसलेला असतोच. म्हणून ऑपरेशनच्या आधी पुस्तक बघताना मुलानं काढलेला प्रत्येक आवाज मान्य करायचा, शब्दांची ओळख वाढवायची, आणि म, न, ल, व यांच्याशी मजेत खेळायचं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतील तेव्हापासून प, ब, त, द असलेली चित्रं जास्त निवडायची. मूल ‘माणी’ म्हणालं तर आपण ‘पाणी! थंड पाणी. पाणी पिऊ या,’ म्हणायचं. त्यानं ते पुन्हा म्हणावं असा हट्ट धरायचा नाही. त्याच्या कानावर बरोबर शब्द पडला, त्याच क्षणी, त्याच्याच मनातल्या गोष्टीसाठी, काम झालं.

अमेरिकेतल्या नॅन्सी शेरर यांनी आयुष्याचा मोठा भाग याच कामाला दिला आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिलं, की आयांना थोडकं प्रशिक्षण दिलं तर त्या असा उपचार घरी नीट करू शकतात, मुलांचे ध्वनी वाढतात आणि घशातल्या झटक्यांची सवय कमी होते. पुढे अ‍ॅन कायझर यांच्याबरोबर त्यांनी खेळातून भाषा आणि उच्चार एकत्र वाढवण्याची पद्धत टाळू दुभंगलेल्या लहान मुलांवर तपासली. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये कॅथरीन क्रॉवली यांनी अशा मुलांसाठी छोटी गोष्टींची पुस्तकं तयार करून मोफत उपलब्ध केली. एका पुस्तकात एकच ध्वनी, आणि तोच पानापानांवर पुन्हा पुन्हा.

अशी मराठी पुस्तकं घरीही करता येतील. वहीची आठ पानं पुरेत. ‘प’चं पुस्तक म्हणजे पोपट, पेरू, पाऊस, पपई, पतंग. एक पोपट असतो, तो पेरू खायला निघतो, वाटेत पाऊस लागतो. ‘ब’ला बदक, बस, बाबा, बटाटा. चित्रं चांगलीच हवीत असं नाही, ओळखू आली की झालं. आपल्या लोककथांमध्ये हे तंत्र आधीपासून आहेच. चिऊ-काऊच्या गोष्टीत दार वाजतं, तीच विनंती होते, दर वेळी उत्तर मिळतं आणि पुन्हा दार वाजतं. ऐकणाऱ्या मुलाला पुढचं वाक्य ठाऊक असतं. ठाऊक असलेलं वाक्य अर्धवट सोडून आपण थांबलो तर ते पुरं करायला ते आपणहून तोंड उघडतं. शंभरदा तीच गोष्ट मागणाऱ्या मुलाला कंटाळू नका, एवढंच मी सांगेन. या मुलांना ती शंभर वेळा लागतेच.

एका समजुतीबद्दल रोखठोक लिहायला हवं. फुगे फुगवा, शिट्टी वाजवा, मेणबत्तीवर फुंकर मारा म्हणजे टाळूला बळ येईल आणि बोलणं सुधारेल, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. फुंकर मारताना टाळू ज्या रीतीनं हलते ती बोलण्याच्या हालचालीपेक्षा वेगळी असते, आणि अशा व्यायामांनी बोलणं सुधारतं याला आधार मिळालेला नाही. पालकांचा रोजचा अर्धा तास त्यात जातो. तो अर्धा तास पुस्तकाला द्या.

पुस्तकानं होत नाही त्याचीही जाणीव हवी. टाळू शिवल्यावरही काही मुलांचा मऊ भाग पुरेसा मागे पोचत नाही आणि बोलताना हवा नाकात जातच राहते. ते गप्पांनी, वाचनानं वा व्यायामानं बरं होत नाही. तपासून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या शस्त्रक्रियेचं वयही महत्त्वाचं. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या २३ केंद्रांत ५५८ बाळांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्या मुलांपैकी ८.९ टक्क्यांना पाचव्या वर्षी हा दोष होता, बाराव्या महिन्यात शिवलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. ही सगळी बाळं इतर बाबतीत निरोगी होती आणि सोयी उत्तम होत्या. आपल्याकडे बाळाचं वजन भरणं हाच पहिला अडथळा असतो. तरी पाचव्या-सहाव्या वर्षी टाळू शिवायला येणारी मुलं आजही दिसतात, आणि त्यांची भाषेची सगळ्यात मोलाची वर्षं फटीसकट गेलेली असतात.

ऑपरेशनच्या आसपासचे आठवडेही वाया घालवू नयेत. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलानं तोंडात बोट घालू नये म्हणून बरेच सर्जन हाताच्या कोपरांना पट्ट्या बांधतात. खायला पातळच. मूल चिडचिडतं, हातांनी खेळता येत नाही. तेव्हा आपण धरलेलं, आपण पान उलटलेलं पुस्तक हा त्याचा मोठा विरंगुळा होतो. फक्त पुस्तकाचा कोपरा तोंडात जाऊ द्यायचा नाही.

महाराष्ट्राचं या विषयाशी जवळचं नातं आहे. मुलांमधले जन्मजात दोष लवकर शोधून मोफत उपचार करणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात सुरू झाला तो पालघरमधून. त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहेत. फिरती वैद्यकीय पथकं अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा जातात, शाळांमध्ये एकदा. पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. वाचा-उपचार हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवण दिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. रचना कागदावर चांगली आहे. तरी वाचा-उपचारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत आणि एका मुलाला आठवड्यातून एकदा आणायचं म्हणजे कुणाचा तरी रोज बुडतो. मूल शोधलं जातं, ऑपरेशन होतं, फोटो निघतो, आणि त्यानंतर बोलण्यासाठी ते परत येतच नाही. म्हणूनच घरी करता येईल असा उपचार हवा. तज्ज्ञांना तो पर्याय नाही. दोन भेटींच्या मधले महिने भरून काढायला तो हवा.

आणि या उपचाराला लागणारं साहित्य मराठीत चांगलं आहे. माधुरी पुरंदरे यांनी चित्रांतून गप्पा सुरू होतील अशी पुस्तकं मुलांच्या दोन पिढ्यांना दिली. त्यांच्या ‘राधाचं घर’मधली माणसं कुठल्याही मराठी मुलाला आपल्या घरातली वाटतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत. प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं आहेत, आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोबाइलवर मोफत मिळतात. पालघर जिल्ह्यातच, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी वाड्यांमध्ये बालशिक्षण नेलं. शिकायला येत नाहीत त्या मुलांकडे आपण जायचं, हा त्यांचा धडा इथेही लागू पडतो.

शाळेत गेल्यावर काय होतं याचे दोन परदेशी अभ्यास सांगण्याजोगे आहेत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अशी मुलं शालेय चाचण्यांत वर्गमित्रांपेक्षा थोडी, पण सातत्यानं मागे आढळली. डेन्मार्कमध्ये नववीच्या निकालांवर मात्र ओठ दुभंगलेल्या मुलांत फरक दिसला नाही. ओठ-टाळू दोन्ही दुभंगलेली मुलंही जवळपास बरोबरीला होती. मागे होती ती फक्त टाळू दुभंगलेली. या गटात इतर जन्मजात विकारही जास्त आढळतात, हे लक्षात घ्यायला हवं. मला डेन्मार्कच्या निकालात धीर दिसतो: ओठ आणि टाळू दोन्ही शिवलेलं मूल नववीत बरोबरीला येऊ शकतं. आपल्या शिक्षकांनी हे जाणलं पाहिजे. वर्गात नाकात बोलणाऱ्या मुलाला मोठ्यानं वाचायला लावायचंच नाही, असं ‘दयेनं’ ठरवलं जातं, आणि त्याचं वाचन तिथेच खुंटतं. त्याला वाचू द्या. हसणाऱ्यांना आवरा.

अमेरिकेत बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात १९८९ साली बॅरी झुकरमन आणि रॉबर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञांनी एक साधी प्रथा सुरू केली: तपासणीला आलेल्या लहान मुलाला डॉक्टरांनीच एक पुस्तक द्यायचं, आणि ते कसं बघायचं हे पालकांना दोन मिनिटांत दाखवायचं. आता ती देशभर पसरली आहे. आपल्याकडे दुभंगलेल्या ओठाची आणि टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते. औषधं, राहणं, अनेकदा प्रवासखर्चही मिळतो. त्यात एका चित्रपुस्तकाची भर घालायला किती खर्च येईल? घरी जाताना हाती येणाऱ्या कागदावर टाक्यांची काळजी, पातळ आहार, पुढची तारीख असं सगळं असतं. त्यात आणखी पाच ओळी हव्यात: रोज पुस्तक बघा, मुलाला बोलू द्या, उच्चार दुरुस्त करू नका, कान तपासून घ्या आणि बोलण्यासाठी या तारखेला या. ती तारीख आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना कळवायची, म्हणजे त्या घरी जाऊन विचारतील. आणि पुस्तक देताना ते आजीच्या हातात द्यायचं, कारण दुपारी मूल तिच्याजवळ असतं.